चामखीळ नसलेली बाई

“चामखीळ कुठंय? अहो बाई, तुमची चामखीळ कुठं गेली?”

आमचे दिग्दर्शक मांडवाच्या मागे एका हातानं बांबू धरून, दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्याच गालावर आपटत ओरडत होते. ओरडत होते हा मी सौम्य शब्द वापरते आहे. शेजारच्या आळीतल्या मंडळानं त्या वर्षी किल्ला केला होता आणि तो दर थोड्या वेळानं तोफा उडवून सर व्हायचा. त्या तोफा त्या संध्याकाळी आमच्या दिग्दर्शकांपुढे लाजून गप्प बसल्या. पुढे रस्त्यावर माणसांचा नुसता लगदा. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत देखावा-स्पर्धेचे परीक्षक, मांडीवर कागद, हातात पेन. कॅसेट लावलेली, पडदा वर जायच्या बेतात, आणि देखाव्यातल्या दुष्ट बाईच्या, म्हणजे माझ्या, गालावर चामखीळ नाही.

“काढली,” मी म्हटलं.

“काढली? आणि ते पान? ती जांभळी साडी? हा चष्मा कुणाचा?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरची पितळी घागर मोडीत घालून आले होते. “अहो, तुम्ही दलालीण आहात की हळदीकुंकवाला निघालात? तुम्ही वाईट आहात हे लोकांना कळणार कसं?”

आता या माणसापुढे कुठल्या खांबावर डोकं आपटायचं ते सांगा. मी गेले काही दिवस नेमक्या याच प्रश्नावरून पेठभर बोंबलत फिरत होते आणि यांना तो आत्ता, पडदा उघडताना सुचला होता.

पण मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हीही चामखीळच शोधत बसाल.

तेव्हा आम्ही कसबा पेठेत राहत होतो. कोथरूडला जायची लाट आम्हाला नंतर लागली. गणपतीत पेठेत जिवंत देखाव्यांचं वेड होतं. म्हणजे मूर्तीसमोर लाकडी फळ्यांचं स्टेज, त्यावर आळीतलीच माणसं रंग फासून उभी, आणि सगळ्यांचे आवाज आधीच कॅसेटमध्ये भरून ठेवलेले. कॅसेट वाजते, आपण ओठ हलवायचे आणि हातवारे करायचे. ती संपली की पडदा पाडायचा, पुढची गर्दी आत घ्यायची आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळभर हेच. त्यात कलावंताला काडीचं स्वातंत्र्य नसतं. शिंकायचं झालं तरी कॅसेटमध्ये जागा बघून शिंकावं लागतं.

त्या वर्षी विषय ठरवायला बैठक बसली, तेव्हा हुंडा मागच्या आळीनं उचलला होता, दारू पुढच्या आळीनं, आणि झाडं कोपऱ्यावरच्या मंडळानं. आम्हाला काय उरलं? कुणीतरी म्हणालं, गरिबांच्या मुली नोकरीच्या आमिषानं नेऊन विकतात, तो विषय अजून कुणी घेतलेला नाही. एका क्षणात एकमतानं मंजूर. समाजाचा कळवळा नव्हता असं मी म्हणणार नाही. पण विषय रिकामा सापडला याचा आनंद कळवळ्याच्या डोक्यावर बसला होता.

दिग्दर्शक आळीतलेच. सरकारी कचेरीत नोकरी, आणि नोकरीतून उरलेल्या वेळात (आणि नोकरीच्याही वेळात) एकांकिका स्पर्धा. त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते तालमीत रोज ऐकवायचे: खलपात्र शेवटच्या रांगेतल्या माणसाला पहिल्या क्षणी कळलं पाहिजे. त्यासाठी दलालणीला जांभळी जरीची साडी, तोंडात पान, कमरेला चाव्यांचा जुडगा, आणि गालावर चामखीळ. चामखीळ म्हणजे काजळात बुडवलेला साबुदाणा, डिंकानं चिकटवलेला. गर्मीनं तो घसरायचा. एका खेळात तो गालावरून निघाला, ओठाशी आला आणि मी तो पानाबरोबर गिळला. उपास मोडला नाही एवढंच समाधान.

ही भूमिका करायला आळीतली एकही बाई तयार होईना. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका. माझ्या नुसत्या पायरवानं चौथीचा वर्ग पाटीत डोकं खुपसायचा. तेव्हा सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. आमच्या घरात विचारलं तर हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, “तालमीचा वेळ वाचेल.”

दुष्टपणाचं हसणं मात्र माझं चालेना. रेकॉर्डिंगच्या वेळी मी जीव तोडून हसले तर दिग्दर्शक म्हणाले, हे वर्गात फळा पडल्यावरचं हसणं आहे, मुली विकणाऱ्या बाईचं नाही. शेवटी ते स्वतः हसले, मोरीत उभं राहून, घुमावं म्हणून. त्यामुळे कॅसेटमध्ये मी बोलायची बाईच्या आवाजात आणि हसायची सरकारी कारकुनाच्या. हसून झालं की पूर्ण शांतता. ती त्यांनी मुद्दाम सोडलेली, परिणामासाठी. त्या शांततेत वरून बांबूचा पिंजरा खाली यायचा, आत मुलगी, लाल दिवा, करुण सनई आणि “जागे व्हा” असा संदेश. प्रत्यक्षात ती शांतता कुणीही कधी ऐकली नाही, कारण दर वेळी नेमका तेव्हाच शेजारचा किल्ला सर व्हायचा.

कॅसेट आणि दिवे सांभाळायला माइकवाले भाई होते. त्यांचं घराणं पेठेतलंच, आजोबांपासून सगळ्या मंडळांचे दिवे आणि कर्णे यांच्याकडे. मुलीचं काम करायला कर्वेनगरच्या कॉलेजातली एक मुलगी यायची, आणि तिचा गरीब बाप आमचे खजिनदार व्हायचे, जे अभिनय न करताही रडवेले दिसत.

देखावा तुफान चालला. पेठेत मला भाजी मिळेनाशी झाली. रस्त्यानं गेले की आया पोरींना पदराखाली घ्यायच्या. एका आजोबांनी खेळ चालू असताना मला चप्पल फेकून मारली. ती माझ्या डोक्यावरून, मांडवावरून, आळी ओलांडून गेली आणि शेजारच्या किल्ल्याचा एक बुरूज पडला. दिग्दर्शक भारावून म्हणाले, जागृती होते आहे. मीही तेच समजत होते. का नाही समजणार? चप्पल फेकायला माणूस जागा असावा लागतो.

आमच्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल होतं. कोळशाची जड इस्त्री, शेजारी कोळशाचं पोतं, आणि दिवसभर उभी असलेली एक बाई. नवरा केव्हाच सोडून गेलेला, पदरात एक मुलगी. मुलगी दहावी पास, शिवणकामाचा कोर्स केलेली, हुशार. आईच्या डोक्यात एकच: पोरीच्या हातात ही इस्त्री द्यायची नाही. वर्षभर ती आळीतल्या प्रत्येकाला सांगत होती, हिला कुठंतरी लावा. अध्यक्षांना सांगितलं, दिग्दर्शकांना सांगितलं, मला सांगितलं. साऱ्या आळीनं तिला एकच उत्तर दिलं होतं: बघू. पेठेत “बघू” म्हणणारा माणूस कुठंही बघत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी ती विचारायची.

देखाव्याचे सगळे कपडे तिच्याकडेच इस्त्रीला. एका दुपारी जांभळी साडी आणायला मी खाली उतरले, तर स्टुलावर एक पाहुणी बसलेली. सडपातळ, पन्नाशीची. फिकी सुती साडी, पदर खांद्यावर पिन लावलेला, चष्म्याला साखळी. मला वाटलं, कुठल्यातरी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मला पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या आणि हात जोडले.

म्हणाल्या, आपला देखावा पाहिला, अंगावर काटा आला. अशा बायकांना भर चौकात उभं करायला हवं. बोलताना त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. मी फुलून गेले. कलावंताला पुण्यात असं कौतुक मिळत नाही हो. इथं फार आवडलं तर लोक “ठीक आहे” म्हणतात.

मग त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. एक पेढा घेतला, बरोब्बर मधोमध मोडला, अर्धा आईच्या हातावर ठेवला, अर्धा मुलीच्या तोंडात भरवला. मला दुसरा दिला. स्वतः मात्र गळ्याशी हात नेऊन म्हणाल्या, “मी गोड सोडलंय. हिची नोकरी पक्की होईपर्यंत.”

तर बाई मुलीला नोकरी लावणार होत्या. कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात, राहायला हॉस्टेल, खाणं तिथंच. इस्त्रीवालीनं मला सांगितलं, बंगळूरला. चेहरा असा उजळलेला की कोळसा न घालता इस्त्री तापावी. दुसऱ्या दिवशी साडी आणायला गेले तर बाई स्वतः हजर. मी सहज विचारलं, बंगळूरला हवा चांगली असते ना? त्या म्हणाल्या, हैदराबादला उकाडा असतो, पण सवय होते. संध्याकाळी जिन्यात मुलगी भेटली, तिला विचारलं, तर ती म्हणाली, बाई, मला कोइमतूरला जायचंय, ते कुठं आलं? नोकरी एक, मुलगी एक आणि गावं तीन. वर आणखी एक गोष्ट तिनं सांगितली: मार्कलिस्ट मावशींजवळ द्यायची, गाडीत बसताना, अगदी मूळची, आणि आळीत कुणाला जाण्याचा दिवस सांगायचा नाही, लोक भांजी मारतात.

अहो, हे सगळं आमच्या कॅसेटमध्ये होतं. नोकरी, हॉस्टेल, कुणाला सांगू नका. मीच बोलले होते, मीच रोज ओठ हलवत होते. आणि माझ्याच जिन्याखाली ते चाललं होतं, पेढे वाटून.

मी सरळ इस्त्रीवालीकडे गेले. तिला बाजूला घेऊन गावांचं सांगितलं, मार्कलिस्टचं सांगितलं, म्हटलं, ही बाई मला बरी वाटत नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझी कीव आल्यासारखं म्हणाली, “बाई, मी तुमचा देखावा रोज बघते. मला कळतं. तुमची ती बाई पान खाते. ह्या बाई साधी सुपारीबी खात न्हाईत.”

मी म्हटलं, अगं पण पानाचा काय संबंध?

“आन् ह्यांच्या तोंडावर काय हाय का? चेहरा कसा देवळातल्यावानी.”

मी तिथंच पायरीवर बसले. आम्ही तिला जागी केली होती. चामखीळ, पान आणि चाव्यांच्या जुडग्यापासून सावध केली होती. ती इतकी सावध झाली होती, की ज्या बाईच्या गालावर चामखीळ नाही तिच्याबरोबर पोटची मुलगी डोळे मिटून पाठवायला निघाली होती. देखावा केला नसता तर बिचारीनं निदान संशय तरी घेतला असता.

दिग्दर्शकांकडे धावले. त्यांना म्हटलं, दलालीण बदला, साधी करा, घरची वाटेल अशी करा. ते म्हणाले, मी त्या बाईंना पाहिलंय, चांगल्या घरच्या वाटतात. मी म्हटलं, तेच तर सांगते आहे. ते म्हणाले, बाई, परवा परीक्षक येणार आहेत, आता पात्ररचनेला हात लावू नका. मग चौकातल्या बंदोबस्ताच्या हवालदारांकडे गेले. त्यांनी मला लगेच ओळखलं, फार आनंद झाला त्यांना. दुसऱ्या हवालदाराला हाक मारून दाखवलं, ही बघ, पोरी पळवणारी. मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी विचारलं, मुलगी गेली का? म्हटलं, नाही अजून. तर म्हणाले, गेली की या.

परीक्षक येणार त्याच दिवशी मला कळलं, की मुलगी आता आज-उद्यात निघणार. हे मला इस्त्रीवालीनं नाही सांगितलं; तिच्या टेबलावर मुलीचे झाडून सगळे ड्रेस एकदम घडी घालून ठेवलेले दिसले. घरातलं कापड इस्त्रीला लागलं म्हणजे कुणीतरी निघालं.

त्या दुपारी मी माझी शाळेची फिकी सुती साडी तिच्याकडे इस्त्रीला दिली. ती म्हणाली, ही कशाला, आज तर परीक्षक, जांभळी नको का? म्हटलं, हीच दे. तिनं दिली, सुरेख कडक करून. आमच्या मुख्याध्यापिकांचा साखळीचा चष्मा मागून आणला. त्याच्यातून मला समोरचा माणूस दोन दिसायचा, पण माझं काम दिसण्याचं होतं, बघण्याचं नाही. कोपऱ्यावरून पेढ्यांचा पुडा घेतला. चामखीळ पाण्यानं धुऊन काढली. आणि चाव्यांचा जुडगा खजिनदारांना परत केला. ते बापडे खूश झाले, आठवडाभर तिजोरी उघडता आली नव्हती म्हणाले.

तर तिथपर्यंत आलो. दिग्दर्शक बांबू धरून ओरडत आहेत, मी चष्मा सावरते आहे. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. परीक्षकांच्या मागे दुसऱ्या रांगेत इस्त्रीवाली, नवी साडी नेसून, शेजारी मुलगी, आणि मुलीच्या पलीकडे त्या बाई, साखळीचा चष्मा, मांडीवर पिशवी. इस्त्रीवालीनंच त्यांना हट्टानं आणलं होतं, आमच्या बाईंचं काम पुन्हा एकदा बघा म्हणून.

“कॅसेट बंद करा,” दिग्दर्शक भाईंवर ओरडले. “आधी यांना रंगवा.”

भाईंनी बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मध्ये बंद केली तर टेप गुंडाळते, साहेब,” ते म्हणाले, आणि पडद्याची दोरी ओढली.

कर्ण्यातून माझा आवाज गडगडला: “काय रे म्हाताऱ्या, पोरगी देतोस की नाही?” आणि स्टेजवर आले मी, चपला बाहेर काढून, पदर सावरत, हात जोडून. गर्दी खळखळून हसली. वाटलं, वेगळ्याच आळीची कॅसेट लागली आहे. खजिनदार तर मला पाहून इतके गोंधळले की खुर्चीवरून उठून त्यांनीही नमस्कार केला. कर्णा शिव्या देत होता, धमक्या देत होता, मी मान तिरकी करून मायेनं ओठ हलवत होते. कॉलेजातल्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. पिशवीतून पुडा काढला. एक पेढा घेतला, मधोमध मोडला. अर्धा बापाच्या हातावर ठेवला, अर्धा मुलीच्या तोंडात भरवला. आणि मग गळ्याशी हात नेला: मी गोड सोडलंय.

हसणं थांबलं. लोकांनी आधी काय पाहिलं असेल ते पाहिलं असेल, पण आता त्यांच्यासमोर कुणाच्याही घरी येणारी, कुणाचीही आत्या वाटणारी एक बाई होती आणि तिच्या तोंडातून सैतान बोलत होता. मग कॅसेटमधले दिग्दर्शक मोरीत उभं राहून हसले. मी तोंड उघडून, चष्म्याआडून प्रेमानं बघत, ते हसणं हसले. मी वाढवून सांगते असा माझा लौकिक आहे. पण पहिल्या रांगेतल्या परीक्षकाचं पेन खाली पडलं आणि ते त्यांनी उचललं नाही, हे वाढवलेलं नाही.

हसणं संपलं आणि ती शांतता आली. परिणामासाठी सोडलेली. आणि त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच खरोखर शांत होती. तोफा वाजल्या नाहीत. शेजारच्या किल्ल्याचा फ्यूज उडाला असं भाईंनी नंतर सांगितलं. किल्ल्याचं वायरिंगही भाईंचंच होतं. मी पुढं काही विचारलं नाही.

त्या शांततेत दुसऱ्या रांगेतून इस्त्रीवालीच्या मुलीचा आवाज आला. मोठा नव्हे, वर्गात शंका विचारावी तसा.

“मावशी, आपण नक्की कुठल्या गावाला जायचंय?”

“हैदराबाद, बाळ,” त्या बाई म्हणाल्या.

“मला कोइमतूर सांगितलं होतंत.”

“आन् मला बंगळूर,” आई म्हणाली.

माणसांच्या माना वळल्या. स्टेजवर एक साखळीचा चष्मा, खुर्चीत एक साखळीचा चष्मा. माझ्या हातात पेढ्यांचा पुडा, त्यांच्या पिशवीतून तसाच पुडा डोकावणारा. बाईंनी काहीच गडबड केली नाही. चष्मा काढला, पदरानं पुसला, पिशवीत ठेवला, म्हणाल्या, घशाला कोरड पडली, पाणी पिऊन येते. गर्दीनं वाट दिली. त्या कोण होत्या, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. पण सरळ माणूस पाणी प्यायला गेला की पाणी पिऊन परत येतो.

तेवढ्यात वरून पिंजरा पडला, लाल दिवा लागला, सनई रडू लागली, आणि कर्णा “जागे व्हा, जागे व्हा” म्हणाला. एकही माणूस स्टेजकडे बघत नव्हता. कर्वेनगरची मुलगी पिंजऱ्यात अर्धा पेढा चघळत बसली होती.

परीक्षक मात्र सावरले. निकाल विसर्जनानंतर लागला, तो इथंच सांगून टाकते: उत्तेजनार्थ. बक्षीस देताना एका परीक्षकांनी माइकवरून मार्गदर्शन केलं की विषय चांगला, पण मुख्य खलपात्राची वेशभूषा भूमिकेला साजेशी नव्हती. दिग्दर्शकांनी माझ्याकडे पाहिलं. पुढची तीन वर्षं त्यांनी मला फक्त झाडांचं काम दिलं. एकदा वडाचं.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. रात्रभर मी अंथरुणात भाषणं रचली होती. मुलगी वाचली होती, आमच्या आळीतली, खरीखुरी मुलगी, आणि ती एका देखाव्यानं वाचवली होती. मला वाटलं, खाली गेले की इस्त्रीवाली माझे हात धरेल, डोळ्यांत पाणी आणेल, कदाचित जांभळी साडी फुकट इस्त्री करून देईल. पायऱ्या उतरताना मी तिला “अगं, त्यात काय एवढं” कसं म्हणायचं त्याचा सरावसुद्धा केला.

ती नेहमीसारखी टेबलाशी उभी होती. टेबलाखाली मुलीची भरलेली पिशवी तशीच, वर दोरी बांधलेली. मुलगी खाली बसून कोळसे फुंकत होती. धुरानं खोकत होती, फुंकत होती.

मी साडी ठेवली आणि बोलायला लागले. काय बोलले नाही मी? त्या बाईंनी मुलीला कुठं नेलं असतं ते सांगितलं, मार्कलिस्ट कशाला हवी होती ते सांगितलं, गावं का बदलत होती ते सांगितलं. पोरीचं नशीब म्हणून हा खेळ काल होता, हे सांगितलं. यापुढे असं कुणी आलं तर कसं ओळखायचं, तेही सांगितलं. माझा आवाज जिन्यात घुमत होता. दुसऱ्या मजल्यावरचे दोघे कठड्याला टेकून ऐकत होते. कॅसेटपेक्षा मी चांगली बोलले, कारण आता ओठ आणि आवाज दोन्ही माझेच होते.

इस्त्रीवालीनं ओंजळीतलं पाणी कापडावर शिंपडलं. इस्त्रीचं झाकण उघडून मुलीनं फुंकलेले निखारे आत घेतले, झाकण लावलं, इस्त्री उचलली. माझं संपेपर्यंत ती एका शर्टाची कॉलर करत होती, उलटी, मग सुलटी. मग तिनं शर्टाची घडी घातली, बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“बरं,” ती म्हणाली. “मग आता हिला तुम्ही कुठं लावताय?”